चौदा तपकिरी फाटकं

"डोळे बांधून सोडलं ना, तरी माणसाला कळेल की आपण ह्या गल्लीत आलोय!" सेक्रेटरी दर मीटिंगला छाती फुगवून सांगायचे. डोळे बांधल्यावर रंग दिसणार कसा, हे विचारायची कुणाची टाप नव्हती.

गल्लीत चौदा बंगले. भिंती सायीच्या रंगाच्या, फाटकं तपकिरी, कुंपणं बरोब्बर चार फूट. हे सगळं सेक्रेटरींचं कर्तृत्व! उभा जन्म पूल बांधण्यात गेला. निवृत्त झाल्यावर बांधायला काही उरलं नाही, तेव्हा ते गल्लीच्या राशीला लागले. खिशात सदा मोजपट्टी, म्हणून पाठीमागे लोक त्यांना 'टेप' म्हणत. कुंपण दोन बोटं वर गेलं? नोटीस! गॅलरीत टॉवेल? नोटीस! नावाच्या पाट्या तर त्यांनी सरसकट उतरवल्या. नंबर तेवढे ठेवले, तेही मुंगीएवढे. ठसठशीत नंबर दुकानाला शोभतो म्हणे!

महिन्यापूर्वी त्यांची आई राहायला आली. वय एक्याऐंशी. पाय ठणठणीत, नजर बेताची. रोज चारला फेरी मारायला निघायची ती साडेचारला परत. त्या मंगळवारी मात्र पाच वाजले, सव्वापाच वाजले, आईचा पत्ता नाही! फोन टेबलावरच पडलेला. डॉक्टर बायको सातला दवाखान्यातून येणार, तिला काय सांगायचं? ह्या वयात आई हरवली म्हणून? टेप तसेच घरातल्या सपाता घालून गल्लीच्या तोंडाशी पळाले.

"आईला पाहिलंस का रे?"

"पाहिलं की साहेब," रखवालदार म्हणाला. "मघाशीच बंगल्यात गेल्या."

"कुठल्या?"

"तपकिरी फाटकाच्या."

"अरे, चौदाही तपकिरी आहेत!"

"तेच तर म्हणतो मी साहेब, सांगू काय?"

आता दारोदार फिरण्याशिवाय इलाज नव्हता. टेपनी पहिल्याच बंगल्याची बेल दाबली. तिथे निवृत्त न्यायाधीश राहत. पडदा हलला, आत काहीतरी जड ओढल्याचा आवाज झाला आणि दारावरच्या स्पीकरमधून न्यायाधीश गरजले, "झोका कालच काढलाय!"

"अहो, झोक्याचं मरू द्या! माझी आई आहे का आत?"

"आई? हा कुठला नवीन नियम?"

"नियम नाही हो, आई! आई!"

"जे काय असेल ते लेखी द्या!" आणि स्पीकर बंद.

तोवर घराघरांत फोन खणखणले. टेप निघालाय! तपासणी! बघता बघता गल्लीवर कर्फ्यू लागला. टॉवेल आत गेले, लाल कुंड्या आत गेल्या. एका बाईंनी बागेतलं प्लास्टिकचं बदक पदराखाली घेतलं आणि धाडकन दार लावलं. टेप एकेक बेल दाबत सुटले, पण दार उघडेल तर शपथ! सातव्या बंगल्यातून आवाज आला, "घरी कुणी नाहीये!"

"मग बोलतंय कोण?"

आत जरा कुजबूज झाली. "तेही नाहीये!"

टेप भर रस्त्यात मटकन बसले. हीच दारं आपण गेल्या चार वर्षांत एकेक करून बंद केली, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांना रडूच फुटलं. खिशातली मोजपट्टी त्यांनी रस्त्यावर ठेवली, दोन्ही हात वर केले आणि ओरडले, "मोजायला नाही आलो हो! माझी आई हरवलीय!"

मग मात्र दारं उघडली. न्यायाधीश एकाच पायात चप्पल घालून धावले. बदकवाल्या बाई बदकासकट आल्या. अख्खी गल्ली शोधायला लागली आणि पाच मिनिटांत आई सापडली. बाराव्या बंगल्यात, पियानो शिकवणाऱ्या बाईंकडे, मागच्या खोलीत मजेत पत्ते खेळत होती! पोपटी पडद्यांपायी ह्या बाईंना तीन नोटिसा गेल्या होत्या. धसका घेऊन त्यांनी बेलची तारच काढून टाकलेली.

"अहो, निदान कळवायचं तरी!" टेप कळवळले.

"मला वाटलं, पडदे तपासायला तुम्हीच आईंना पाठवलंत," बाई चाचरत म्हणाल्या. "म्हणून तर ठेवणीतली बिस्किटं काढली."

टेपनी आईचे हात धरले. "आई गं, घर चुकलीस ना? सगळी माझीच चूक. उद्याच्या उद्या आपल्या फाटकावर हाऽऽ एवढा नंबर लावतो!"

आईने हात सोडवून घेतला, कारण त्यात पत्ते होते.

"चुकायला काय झालंय? दारातच कळलं मला, हे आपलं घर नव्हे."

"कसं काय?"

"हिनं 'या, बसा' म्हटलं."

न्यायाधीशांना एकदम खोकला आला. टेपना तोंड कुठे लपवावं कळेना.

"मग... मग लगेच परत का नाही आलीस?"

"कुणाकडे येऊ? सूनबाई दवाखान्यात, तू लोकांच्या भिंतींपाशी." आईने पान टाकलं, डाव जिंकला आणि पत्ते पिसायला बाईंकडे सरकवले. "आणि हे बघ, तो नंबर-बिंबर लावू नकोस. उद्या चारला मला परत चुकायचंय!"