घुबडाचा सत्कार आणि कावळ्याचं पान

आखणी करावी तर माझ्यासारखी! बायकोचं वर्षश्राद्ध आणि एका संस्थेचा सत्कार, दोन्ही एकाच सकाळी! हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं? नसतंच. असं करायचं नसतं, हे बाकीच्यांना ठाऊक असतं.

वरलक्ष्मी गेली तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. सगळे उन्हात ताटकळले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून लावला आणि म्हणाले, "चालतं." त्यांना चाललं, मला नाही. तिचं काय राहून गेलं, हे वर्षभर डोक्यातून गेलं नाही. वर्षश्राद्धाला खरा कावळा हवाच, असं मी ठरवलं.

म्हैसूरजवळ हिनकलच्या पुढे एका बागेत शिकारी पक्ष्यांचं शिक्षण केंद्र आहे. जखमी घारी, घुबडं तिथे आणून बरी करतात. जी पुन्हा उडू शकत नाहीत, ती शाळेच्या मुलांना दाखवून शिकवतात. वरलक्ष्मी दर रविवारी तिथे जाऊन मुलांना माहिती सांगायची. तेव्हा तिच्या नावाने केंद्राचा सत्कार करायचा, म्हैसूर पेटा म्हणजे आमच्याकडचा फेटा, शाल, फळांची टोपली, सगळं रीतसर! आणि कावळ्याचं पानही तिथेच ठेवायचं. एवढ्या पक्ष्यांत एक कावळा मिळणार नाही?

घरचं श्राद्ध उरकून मी, मुलगी शरण्या आणि वरलक्ष्मीची थोरली बहीण गोदावरीअक्का असे तिघे पोचलो. पान कट्ट्यावर ठेवलं. "काव काव" करून माझा घसा बसला. कावळ्याचं पीसही दिसेना!

केंद्र चालवणारी पूजिता धावत आली. "अंकल, काय झालं?"

"कावळ्याला बोलावतोय."

"इथे? अंकल, तिकडे बघा!"

खांबावर मोरघार बसली होती. परीक्षेच्या हॉलातल्या सुपरवायझरसारखी, एकेकाकडे रोखून बघत.

"तिच्या समोर जेवायला कोण येईल?" पूजिता म्हणाली.

वर्षभर विचार केला आणि एवढं सुचलं नाही!

"अय्यो, वरूची इच्छा राहिलीय," गोदावरीअक्का म्हणाल्या. "कबूल करा काहीतरी!"

शरण्याने हात जोडले. "आई, मी वेळेवर झोपेन." काही नाही.

अक्कांनी डोळे मिटले. "वरू, तुझी जांभळी साडी मी शरण्याला परत देते!"

"दोड्डम्मा!" शरण्या किंचाळली. "ती तुझ्याकडे आहे? आम्ही सगळी कपाटं उपसली!"

"श्राद्धाच्या दिवशी भांडू नये," अक्का डोळे न उघडता म्हणाल्या.

माझी पाळी आली. मी पान उगाच जरा सरळ केलं.

तेवढ्यात शाळेची मुलं ओळीने येऊन बसली. सत्कार सुरू करावा लागला. "माझा नको, पक्ष्यांचा करा," म्हणून पूजिताने पेटा घालून घ्यायचं नाकारलं. माझ्या एका हातात शाल, दुसऱ्यात टोपली. मग पेटा ठेवायचा कुठे? ठेवला माझ्याच डोक्यावर! पूजिता सत्कारमूर्तीला घेऊन आली. हातमोज्यावर बसलेलं, एका डोळ्याचं घुबड.

मोरघारीला भिणारे कावळे दिवसाढवळ्या घुबड दिसलं की भीती विसरतात, हे मला तेव्हा कळलं. आधी एक ओरडला. मग हिनकलचे सगळे आले, मग हेब्बाळचेही आले असावेत! आभाळ काळं झालं. मुलं बाकांखाली, टोपलीतली केळी मुलांखाली! पूजिता घुबडाला पोटाशी धरून आत पळाली. एवढ्या कावळ्यांत एकानेही पानाकडे पाहिलं नाही. एक मात्र येऊन बसला. माझ्या पेट्यावर!

अक्कांचा चेहरा पांढरा पडला. "डोक्यावर कावळा? मरण येतं श्रीनिवासराव! तुम्ही गेलात अशी बातमी नातेवाइकाला कळवायची. तो रडला की दोष गेला. मागाहून खरं सांगायचं."

"अहो, पण..."

त्यांनी हुणसूरला माझ्या धाकट्या भावाला फोन लावलासुद्धा! स्पीकरवर! "शेषगिरी, तुझे अण्णा गेले रे!"

मला वाटलं, हंबरडा फोडेल. पण तो हळू म्हणाला, "अण्णा वहिनींबरोबरच गेला होता, अक्का. रोज फोनवर 'बरा आहे' म्हणायचा. मला कळत होतं. मी यायला हवं होतं." आणि मग तो रडला.

मी फोन घेतला.

"शेषगिरी, मी बोलतोय."

"मी कोण?"

"अण्णा."

मग जे काही ऐकलं, ते निम्मं मराठीत होतं, हे बरं. समोर शाळेची मुलं होती! दम लागल्यावर त्याने विचारलं, "खरं सांग. बरा आहेस?"

"नाही रे," मी म्हणालो. वर्षात पहिल्यांदाच.

"तिथून हलू नकोस. मिळेल त्या बसने येतो."

फोन ठेवला तोवर कावळे पांगले होते. पूजिता बाहेर आली, तिने शाल मुकाट्याने खांद्यावर घेतली. "छान झाला सत्कार, अंकल. घुबड आणि कावळे, हा धडा मुलं जन्मभर विसरणार नाहीत."

आणि शरण्या ओरडली, "अप्पा, पान!"

पान स्वच्छ होतं. एक शीत उरलं नव्हतं.

"शिवला!" अक्का म्हणाल्या. पाहिला मात्र त्यांनीही नव्हता. पूजिता म्हणाली, खारही असेल. मुलं बाकांखाली होती. मला विचाराल, तर मी फोनवर होतो.

त्यात नवीन काही नाही म्हणा. मी फोनवर बोलत बसलो की वरलक्ष्मी कधी माझ्यासाठी थांबायची नाही. जेवून मोकळी व्हायची.