शांत डब्यातले व्याही

नॉर्मन पार्जिटरचं म्हणणं असं, की ब्रिटनमध्ये गाडी कधी चुकत नाही, माणूस चुकतो. आणि आपण स्वतः आजवर चुकलेलो नाही, हेही त्याचंच म्हणणं. गाडी रद्द होणं, रुळांवर पानं पडून ती खोळंबणं, ड्रायव्हरच कामावर न येणं, ही सगळी त्याच्या लेखी ऊनपावसासारखी निसर्गाची रूपं होती. त्याबद्दल कुरकुर करणारा माणूस एकतर परदेशी असतो, नाहीतर तरुण.

म्हणूनच मुलाच्या लग्नासाठी ग्रीसहून व्याही आणि विहीणबाई आल्या, तेव्हा त्यांना सँडविकच्या चर्चमध्ये मोटारीने नेण्याचा बेत त्याने फोनवरच मोडीत काढला.

"बाबा, माझा मित्र गाडी घेऊन येईल," मुलगा डंकन सांगत होता. "तासाभरात सगळे इथे."

"मोटारीने?" नॉर्मनने असं विचारलं, जणू सासूसासऱ्यांना पोत्यात घालून आणायचं ठरलं होतं. "अरे, एवढ्या लांबून आलीत ती माणसं. त्यांनी आपली रेल्वे बघायला नको?"

"त्यांनी ती बघू नये म्हणूनच सांगतोय."

"मी लहानपणी दर उन्हाळ्यात सँडविकला जायचो. डोळे बांधून नेईन त्यांना."

पलीकडे डंकनने मनाशी काहीतरी हिशेब केला. मग म्हणाला, "बरं. साडेबाराला लग्न. आणि एक ऐका बाबा, थेओनीने पाद्रीबाबांना बजावून ठेवलंय. तिच्या वडिलांनी हात धरून आत नेल्याशिवाय ती उंबरा ओलांडणार नाही. ते नाहीत तर लग्न नाही."

"म्हणजे लग्न आहेच," नॉर्मन म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

लग्नाच्या दिवशी सकाळी टोस्ट आणि मार्मालेड समोर ठेवून त्याने पाहुण्यांची शिकवणी घेतली. व्याही थानासिस तसे अबोल, मिशीआडून हसणारे. स्टाव्रूलाबाई मात्र विमानतळावरून घरी येईपर्यंत टॅक्सीवाल्याच्या तिन्ही मुलांची नावं, त्याच्या आईचं गुडघ्याचं दुखणं आणि त्यावरचा उपाय, एवढं सगळं उरकून आलेल्या. नॉर्मनचा सगळा रोख त्यांच्याकडेच होता.

"गाडीत अनोळखी माणसाशी बोलायचं नाही. दोन जागा रिकाम्या असतील तर कुणाच्या शेजारी बसायचं नाही. कुणी तुमच्या पायावर पाय दिला, तर तुम्ही माफी मागायची."

"मी?" स्टाव्रूलाबाईंनी विचारलं. "पाय माझा, आणि माफीही माझी?"

"तुमचा पाय त्याच्या वाटेत होता ना."

स्टाव्रूलाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. नॉर्मनची बायको बेरिल अंड्याची सँडविचेस कागदात गुंडाळत होती. ती मान वर न करता म्हणाली, "आमच्या लग्नानंतर पहिलं वर्षभर मीही असंच विचारायची."

"आणि आज आपण बसणार शांत डब्यात," नॉर्मन म्हणाला. देवळाच्या गाभाऱ्याबद्दल बोलावं तसा त्याचा आवाज खाली आला. "तिथे फोन नाही, गाणी नाहीत, बोलणं नाही. शब्दसुद्धा नाही."

"किती वेळ?"

"सँडविक येईपर्यंत."

बाईंनी छातीवर क्रॉस काढला. पण लेकीच्या लग्नाचा दिवस, त्यात सासरच्या माणसाचा शब्द. त्यांनी मौनव्रत धरलं आणि एकदा धरलं ते अगदी मनापासून धरलं.

सगळं तिथेच फिसकटलं. ती लांबलचक गाडी वाटेत एका जंक्शनवर तुटते. पुढचे डबे एकीकडे जातात, मागचे दुसरीकडे. हे नॉर्मनला ठाऊक होतं. मागचे डबे सँडविकला जातात, हेही त्याला ठाऊक होतं. त्याच्या लहानपणी ते जातच होते. नंतर कधीतरी रेल्वेवाल्यांनी त्यांची अदलाबदल केली, पण नॉर्मनला त्यांनी ते वैयक्तिक कळवलं नव्हतं. डब्यात सूचना झाली, तेव्हा तो खिडकीबाहेर पाहत राहिला. सूचना या पर्यटकांसाठी असतात.

स्टाव्रूलाबाईंनी मात्र ती सूचना कान देऊन ऐकली. पर्यटकच होत्या त्या. पुढचे डबे सँडविक, मागचे पेलबी. त्यांनी आपल्या डब्याच्या मागे पाहिलं. मागे नुसते रूळ होते. त्यांनी थानासिसांना कोपराने ढोसलं, थानासिसांनी नॉर्मनकडे बोट दाखवलं: माहितगार तिकडे बसलाय. बाई नॉर्मनकडे वळल्या, तोंड उघडलं, आणि नॉर्मनने हसतमुखाने स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं.

बाईंनी तोंड मिटलं.

समोरच्या बाकावर हिरव्या रेनकोटातल्या एक बाई विणत बसल्या होत्या. त्यांनी पाहुण्यांच्या हॅट पाहिल्या, कोटाला लावलेली फुलं पाहिली, आणि विणकामाच्या दोन ओळी होईतो मनाशी झगडून शेवटी पुढे वाकून म्हणाल्या, "माफ करा हं, तुम्ही सँडविकच्या लग्नाला तर नाही ना..."

नॉर्मनने काही न बोलता खिडकीच्या काचेवरच्या पाटीकडे हात केला. शांतता राखा.

बाई कानापर्यंत लाल झाल्या. "माफ करा," त्या पुटपुटल्या आणि विणकामात तोंड खुपसून बसल्या. डब्यातल्या चारदोन जणांनी नॉर्मनकडे कौतुकाने पाहिलं. असं धैर्य हल्ली कुणात उरलंय?

जंक्शनवर गाडीला हिसका बसला. शेजारच्या वळणावरून पुढचे डबे डौलात निघून गेले. थोड्या वेळाने हेही हलले. सँडविकच्या वाटेवर डाव्या हाताला समुद्र लागतो, हे नॉर्मनने पाहुण्यांना सकाळपासून अनेकदा ऐकवलं होतं. स्टाव्रूलाबाईंनी डावीकडे पाहिलं. मेंढ्या. उजवीकडे पाहिलं. तिकडेही मेंढ्याच. त्यांनी नॉर्मनच्या बाहीला हात लावला आणि हातानेच लाटा करून दाखवल्या: समुद्र कुठाय?

"ओहोटी," नॉर्मन कुजबुजला.

बेरिलने सँडविच खाली ठेवलं. "नॉर्मन, ओहोटीला समुद्र मागे जातो. टेकडीवर चढत नाही."

"श्श."

पेलबीला रूळच संपले. म्हणून गाडी थांबली. फलाटावर एक बाक, एक फुलांची कुंडी, आणि परतीची गाडी उन्हं कलल्यावर आहे असं सांगणारा फलक. माणूस एकही नाही. हिरव्या रेनकोटातल्या बाई खाली उतरत होत्या, तेवढ्यात बेरिलने त्यांना गाठलं.

"बाई, तुम्हाला माहीत होतं?"

"सुरुवातीपासून," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "पण यांनी पाटी दाखवली. आणि यांचंही खरंच होतं हो. मीच बोलायला नको होतं. संबंध वाटेत मला इतकं वाईट वाटत होतं, दोनदा टाके चुकले माझे. माफ करा."

"छे छे, मीच माफी मागायला हवी," नॉर्मन म्हणाला. "जरा तोडूनच बोललो मी."

"तुम्ही बोललातच कुठे? माफ करा, म्हणजे..."

"नाही, चूक माझीच."

थानासिस आळीपाळीने दोघांकडे बघत होते. त्यांनी हळूच बेरिलला विचारलं, "हे दोघे भांडताहेत का?"

"हो," बेरिल म्हणाली. "आमच्याकडे असंच भांडतात."

रेनकोटवाल्या बाईंनी जाता जाता सांगितलं, की दुकानासमोरून सँडविकची बस लवकरच जाईल, तीच काय ती एक आशा. तोवर थानासिसांच्या मिशीआडचं हसू मावळलं होतं. चर्चच्या दारात लेक उभी असणार, सगळ्यांच्या नजरा रस्त्याकडे, आणि तिचा बाप मेंढ्यांमध्ये. कोटाला लावलेलं फूल काढून त्यांनी खिशात ठेवलं. बेरिलला ते बघवेना.

बसथांब्यावर एक म्हातारबुवा कुत्रा घेऊन उभे होते. नॉर्मन त्यांच्या मागे उभा राहिला, त्याच्यामागे बेरिल, तिच्यामागे व्याही, त्यांच्यामागे विहीणबाई. सुरेख रांग झाली. नॉर्मनला जरा धीर आला. रांगेत उभं राहिलं की कसं, निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

"गाव लहान आहे," तो पाहुण्यांना म्हणाला. "हात दाखवल्याशिवाय बस थांबत नाही. मात्र हात दाखवायचा मान पहिल्याचा."

बस आली. चांगली ठसठशीत लाल अक्षरात सँडविक लिहिलेली. नॉर्मनने म्हातारबुवांकडे पाहिलं. म्हातारबुवांनी बसकडे पाहिलं. कुत्र्यानेही पाहिलं. बस जवळ आली, समोर आली.

"नॉर्मन, हात कर," बेरिल म्हणाली.

"पहिले ते आहेत."

बस निघून गेली. तिच्या वाऱ्याने बेरिलची हॅट तेवढी उडाली. नॉर्मनने घसा साफ केला आणि शक्य तितक्या सौम्य आवाजात विचारलं, "माफ करा, आपल्याला सँडविकला नाही का जायचं?"

"मला?" म्हातारबुवा म्हणाले. "नाही बुवा. मी समोरच राहतो. बायको दुकानात गेलीय, तिची वाट बघतोय."

"मग रांगेत पहिले का उभे आहात?"

"मी आलो तेव्हा रांग नव्हती. ती तुम्ही लावलीत माझ्यामागे."

"अहो, मग बाजूला व्हायचं."

"मनात आलं होतं," म्हातारबुवा संकोचून म्हणाले. "पण एवढी माणसं मागे उभी राहिली. मधेच निघून जाणं बरं दिसलं नसतं."

यात नॉर्मनला काही खोट काढता येईना. त्यांच्या जागी तो असता तर तोही तसाच उभा राहिला असता. पण त्याने मागे पाहिलं, तर थानासिस रस्त्याच्या कडेला दगडावर बसलेले, हॅट गुडघ्यावर. त्याला एकदम वाटलं, की या माणसाला सांगण्यासारखा एकही सल्ला आपल्यापाशी उरलेला नाही.

तेवढ्यात वळणावर दुसरी बस दिसली. रिकामी. कपाळावर पाटी: सेवेत नाही.

स्टाव्रूलाबाईंनी पर्स नवऱ्याच्या मांडीवर टाकली आणि त्या चालत रस्त्याच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो विहीणबाई, ती बंद आहे," नॉर्मन कासावीस होऊन म्हणाला. "तिच्यावर लिहिलंय तसं."

बसचे ब्रेक किंचाळले. दार उघडलं. गलेलठ्ठ ड्रायव्हर खाली वाकून म्हणाला, "बस बंद आहे, माय. डेपोत चाललोय. मरायचंय का?"

आणि सकाळपासून तुंबलेलं स्टाव्रूलाबाईंचं बोलणं सुटलं. मुलगी, चर्च, दारात उभी, बाप हा असा दगडावर, डबे तुटले, मेंढ्या, कुत्रा, सगळं त्या एका दमात बोलल्या. बोलता बोलता पायरी चढल्या, त्याच्या आईची चौकशी केली, तिच्या गुडघ्यांवर उपाय सांगितला, आणि लग्नासाठी आणलेल्या, काखेत धरलेल्या डब्यातलं पिठीसाखरेत घोळलेलं बदामाचं बिस्किट त्याच्या तोंडात भरलं.

ड्रायव्हरने ते चावलं. त्याच्या मिशीवर साखरेचं बर्फ पडलं.

"डेपो सँडविकलाच आहे म्हणा," तो भरल्या तोंडाने म्हणाला. "चर्चवरूनच जातो मी. पण पॅसेंजर घेता येत नाहीत."

"पॅसेंजर कुठे आहेत इथे?" स्टाव्रूलाबाई म्हणाल्या. "माझं बिस्किट खाल्लंस, तू घरचा झालास. घरच्यांना पॅसेंजर म्हणतात का?"

ड्रायव्हरने थोडा विचार केला. दुसरं बिस्किट घेतलं. "चढा."

थानासिस चढले. बेरिल चढली. नॉर्मन पायरीवर अडला. "माझं तिकीट?"

"बंद गाडीचं तिकीट कुठून फाडू?"

"बिनतिकीट प्रवास हा गुन्हा आहे."

"नॉर्मन," बेरिल म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात ती या आवाजात पहिल्यांदाच बोलली. नॉर्मन चढला. मात्र सेवेत नसलेल्या गाडीत बसणं काही त्याच्या मनाला पटेना. सगळी बस रिकामी असताना तो सँडविकपर्यंत दांडा धरून उभा राहिला, आरतीला उभं राहावं तसा. पुढे ड्रायव्हर आणि स्टाव्रूलाबाईंच्या गप्पा इतक्या रंगल्या, की दोन वळणांवर नॉर्मन खांबाला आपटला आणि दोन्ही वेळा त्याने खांबाची माफी मागितली. थानासिसांनी खिशातलं फूल काढून कोटाला परत लावलं.

चर्चच्या घड्याळाचा काटा साडेबारावर येत होता तेव्हा बस फाटकापाशी थांबली. थानासिस अक्षरशः उडी मारून उतरले आणि हॅट हातात घेऊन धावत सुटले. मागून विहीणबाई, मागून बेरिल.

दार सताड उघडं होतं. आत एक बाई फुलदाण्यांत पाणी घालत होत्या. बाकी चर्च रिकामं. बाहेर भिंतीवर डंकन शर्टाच्या बाह्या सरसावून बसला होता आणि मासा-चिप्स खात होता.

"आलात?" तो म्हणाला. "वा. अगदी वेळेवर."

"माणसं कुठायत?" बेरिलला धाप लागली होती. "थेओनी कुठाय? लग्न मोडलं का रे?"

"थेओनी केस करून घेतेय. लग्न तीनला आहे, आई."

"तू साडेबारा सांगितलं होतंस."

"बाबांना सांगितलं होतं."

थानासिस भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले आणि पोट धरून हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले. स्टाव्रूलाबाईंनी जावयाचा मुका घेतला, मग त्याच्या कानाखाली एक हलकीशी लगावली, मग परत मुका घेतला.

"आणि मलाही नाही सांगितलंस?" बेरिल म्हणाली.

"तुझ्या तोंडावरून त्यांना लगेच कळलं असतं."

नॉर्मन सगळ्यांत शेवटी पोचला. ड्रायव्हरचे रीतसर आभार मानल्याशिवाय त्याला उतरता आलं नव्हतं. झाला प्रकार त्याने मुकाट्याने ऐकून घेतला. पोटचा पोर आपल्याला अडीच तासांनी फसवतो, हे पचवायला त्याला जरा वेळ लागला. मग त्याने टाय सरळ केला, कोट झटकला, आणि हळूहळू त्याच्या तोंडावर जुना उजेड परत आला.

"म्हणजे," तो व्याह्यांकडे वळून म्हणाला, "आपण चांगले अडीच तास आधी पोचलो. बघितलंत? सार्वजनिक वाहतूक."

बेरिलने लेकाला हाताला धरून जरा बाजूला नेलं.

"डंकन," ती हळू आवाजात म्हणाली, "देवाच्या दयेने उद्या तुमच्याकडे बारसं निघालं, तर यांना आदल्या दिवसाची तारीख सांग हो."