पाय टेकला

आठवीच्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीनंतर, आमच्या वर्गात ‘लंगडी’ हा शब्द बंद झाला. खेळ चालू राहिला. बाईंनी त्याचं नाव ‘एकपाद’ ठेवलं. त्याच आठवड्यात सुनंदा वर्गात आली होती आणि तिच्या डाव्या पायाला पोलिओमुळे आधाराचं लोखंडी कॅलिपर होतं.

दुसऱ्या दिवशी सुनंदाने भर वर्गात विचारलं, “बाई, लंगडी मी आहे. खेळाचं नाव का बदललं?”

बाई बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या.

सुनंदा मखमलाबादची. तिची आई सकाळी भाजी घेऊन मार्केटला जायची आणि शाळा सुटताना लुनावरून तिला न्यायला यायची. पहिल्याच दिवशी आईने वर्गाच्या दारात उभं राहून आम्हाला सांगितलं, “पोरीला जपा. कोनी रडवलं, तर मी तिला पुन्याच्या वसतिगृहात टाकीन. तिथं सगळ्या तिच्यासारख्याच हायेत.” सुनंदाला तिथे जायचं नव्हतं. ती आणि मी एका बाकावर बसायचो, त्यामुळे मला हे रोज ऐकावं लागे.

परिणाम असा झाला, की वर्ग सुनंदाला घाबरू लागला. ती उठली की चौघी उठत. तिचं दप्तर कोणी उचलायचं यावरून वाद होत. तिचं गणित चुकलं तर पुढच्या बाकावरची म्हणे, “बरोबरच आहे गं, जवळपास.” सुनंदाला सगळ्याचाच संशय. कोणी पेन्सिल दिली की ती विचारी, “मुद्दाम?” वाढदिवसाच्या चॉकलेटलाही, “मुद्दाम?” गृहपाठ न केल्याबद्दल गणिताच्या सरांनी सगळ्यांना छडी मारली आणि तिला वगळलं, तेव्हा ती हात पुढे करून तशीच उभी राहिली. शेवटी सरच वर्गाबाहेर गेले.

घरी ती कॅलिपर काढून उजव्या पायावर उड्या मारतच हिंडायची. त्यामुळे लंगडी आपल्यालाच येते, असं तिचं म्हणणं होतं. हट्ट करून, कॅलिपर काढून कडेला ठेवून ती खेळात उतरली. त्या दिवशी बाईंनी आम्हाला मैदानावरचे खडे वेचायला लावले.

ती खरोखर चांगली लंगडी घालायची. पण आम्ही पळत नसू. तिचा हात लागेल अशा बेताने समोर जाऊन उभ्या राहत असू. तिचा अधू पाय मधूनच जमिनीला लागे. नियमाने पाय टेकला की बाद, पण कोणी बोलत नसे.

“टेकला ना?” ती थांबून विचारी.

“छे गं.”

“कोणालाच दिसलं नाही?”

“धूळ होती.”

एका शनिवारी चौकोनात मंदा एकटी उरली. मंदा वर्गात सगळ्यात चपळ, आणि हरणं तिला सहन होत नसे. सुनंदा मागे लागली. मंदा दोनदा निसटली आणि तिसऱ्या वेळी ओरडली, “टेकला! बाद!”

बाईंची शिट्टी तोंडातच राहिली.

“नाही टेकला!” सुनंदा म्हणाली.

“टेकला! मी बघितला!”

“डोळे फुटलेत का तुझे? खोटारडी!”

“तूच खोटारडी! पायाला माती बघ ना!”

“ती आधीची आहे!”

बाईंनी शिट्टी वाजवली. “सुनंदा, बाद.”

सुनंदा चौकोनाबाहेर आली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तेवढ्यात फाटकाशी लुना थांबली. आम्ही सगळ्या मंदाकडे बघू लागलो. मंदा बाईंच्या मागे जाऊन उभी राहिली.

“काय झालं गं? कोनी रडवलं?” आईने लुना स्टँडवर लावली.

“भांडण झालं.”

“कोनाशी?”

“मंदाशी.”

“कोन मंदा?”

सुनंदाने नाक पुसलं. “मैत्रीण आहे माझी. पण लय खोटारडी आहे.”

आईने कडेचं कॅलिपर उचललं, झटकलं आणि सुनंदाच्या पायाला बांधून दिलं.

सोमवारी प्रार्थनेच्या रांगेत दोघी पुन्हा भांडल्या. सुनंदा दहावीपर्यंत आमच्याच शाळेत होती.