खाटेमागची ओल

आईच्या, तानीबाईंच्या, खाटेमागची भिंत काळी पडली आणि भीमरत्नचं डोकं फिरलं. बेळगावातला पाऊस सरून थंडी सुरू झाली, तरी बुरशी पुसावी आणि चार दिवसांत तिनं पुन्हा हजर व्हावं. त्यात आईनं निर्वाणीचं सांगितलं होतं, "ह्या वलीत माझं गुडघं धरल्यात. मला निपाणीच्या घरी नेऊन सोड." जन्मभर विड्या वळून जिनं आपल्याला शिकवलं, तिला म्हातारपणी तिकडं एकटीला ठेवायचं, हे भीमरत्नला मुळीच मान्य नव्हतं.

ओल वरूनच येते, असं त्यानं ठरवून टाकलं. वर भरमूअण्णा राहत.

"अण्णा, तुमचं बाथरूम गळतंय."

"थेंब गळत न्हाय, सर."

"मग माझी भिंत खोटं बोलती व्हय?"

हा तगादा रोजचाच झाला. शेवटी वैतागून अण्णांनी बाथरूम फोडलं. फोडून झालं, आणि गवंडी सुगीला म्हणून गावी गेला तो गेलाच. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा खांद्यावर टॉवेल टाकून भीमरत्नच्या दारात उभे.

"आता आंघोळ कुठं करू, सांगा."

नाही म्हणायला तोंड नव्हतं. अण्णा आले, पाठोपाठ त्यांच्या बायको मालुबाई आल्या. कढत पाण्याच्या वाफेनं घर भरून जाई. आरशात दाढी दिसेना. गारठा लागतो म्हणून तानीबाई खिडकी उघडू देईनात. बघता बघता छतावरही काळे ठिपके उमटले.

रविवारी भीमरत्ननं तिरीमिरीत खाटच ओढली. खाली ओल्या गोणपाटात बांधलेला विडीच्या पानांचा गठ्ठा होता, थेट भिंतीला टेकवलेला. खालची फरशी ओली होती.

"आये, हे काय?"

"पानं. वाळली तर वळताना फाटत्यात."

"विड्या वळायचं सोडलं म्हणालतीस न्हवं?"

"मग दिसभर भिताडाकडं बघत बसू? तू हापिसात, सून शाळंत शिकवाय. हात गप बसत न्हाईत माझं."

भीमरत्ननं गठ्ठा भिंतीपासून दूर ओढला; ओल वरून येतच नव्हती. एका निरपराध माणसाचं बाथरूम त्यानं फोडायला लावलं होतं. तेवढ्यात तोच माणूस आंघोळ उरकून बाहेर आला आणि तानीबाईंनी पुढं केलेली विडी त्यानं सराईतपणे कानावर ठेवली.

"अण्णा, तुम्हाला ही पानं ठाऊक होती?"

"आंघोळीला याय लागल्यापास्नं. सांगितलं असतं तर तुम्ही आक्कांवर तापला असता. माझं तर फोडून झालंच हुतं."

मालुबाई ओल्या केसांनी खाटेवर टेकल्या आणि गप्पा मारत पानं कातरू लागल्या. भीमरत्ननं गठ्ठा उचलून गॅलरीत नेला.

"आये, भिंत आता वाळंल. निपाणीचं नाव काढू नको."

"जातंय कोण?" तानीबाई म्हणाल्या. "तिथं सकाळी सकाळी एवढी मानसं येणार हाईत व्हय माझ्याकडं?"

"आणि गुडघं?"

"ते हाईत तसंच."

संध्याकाळी गवंडी उगवला. भीमरत्न जिना चढून वर गेला, फोडलेल्या बाथरूमच्या दारात जरा वेळ घुटमळला, आणि इतके दिवस ज्यानं अण्णांमागं तगादा लावला होता तोच हळूच म्हणाला, "मिस्त्री, सावकाश करा. आम्हाला काय गडबड न्हाय."