ताईला नाही म्हणायचं कोणी?

"सही तुमचीच ना?" वकिलाने विचारलं.

"माझीच. पण करायला ताईने लावली," कुलूपवाला म्हणाला.

कागद त्याच्या दुकानाचा होता. पुढच्या महिन्यापासून दुकान ताईच्या जावयाचं, आणि कुलूपवाल्याला त्याच दुकानात, त्याच स्टुलावर नोकरी. आईमागे ताईनेच त्याला वाढवलेलं. ती समोर बसून रडली, "तुला वाढवलं ते कशासाठी रे?" म्हणाली आणि पेन पुढे केलं. मग काय, याने मुकाट सही केली, वर तिला चहा पाजला आणि बसपर्यंत पोचवून आला. बायको तेव्हापासून धड जेवली नव्हती.

"असा दबावाखालचा करार रद्द करण्याजोगा असतो," वकील म्हणाला. "ताईंना सांगा, मला हे मान्य नाही. मग तो रद्द करून घेता येतो."

कुलूपवाल्याचा चेहरा उतरला. "सांगायलाच पाहिजे का?"

"तुम्ही गप्प बसलात तर करार धडधाकट राहतो."

"न सांगता आपोआप मरेल असा नसतो का एखादा?"

"असतो की. मुळातच रद्दबातल. तो जन्मालाच येत नाही, मग मारायचं कुणाला? पण त्यासाठी सही करणारा अठराच्या आतला हवा, नाहीतर सही करताना वेडा हवा."

कुलूपवाल्याने टकलावरून हात फिरवला. वयाचं काही जमण्यासारखं नव्हतं.

"वेडा चालेल," तो म्हणाला.

घरी बायकोने कपाळावर हात मारला. "वेड्याचा शिक्का मारून घ्याल, पण वन्संपुढे तोंड उघडणार नाही?"

"तोंड उघडलं की ती रडते."

"आणि मी रडते ते?"

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. याच्यापाठी तर बहीणच होती.

डॉक्टरपुढे त्याला खोटं बोलावंच लागलं नाही. पोटापाण्याचं दुकान कसं लिहून दिलं, नंतर चहा कसा केला, बसपर्यंत कसा गेला, सगळं त्याने खरं खरं सांगितलं. डॉक्टरांनी पुढे काही न विचारता सर्टिफिकेट लिहायला घेतलं. वकिलाने ते ताईला परस्पर पाठवून दिलं, म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला.

पण अशी बातमी पाकिटात थोडीच राहते? समोरची शिंपीण दुकानात आली आणि पायरीवरूनच म्हणाली, "कुलूप नाही दुरुस्त झालं तरी चालेल भाऊ, किल्ली तेवढी परत द्या." तिच्यामागून सगळी गल्ली आली. घराच्या किल्ल्या वेड्याच्या हातात कोण देईल? बिचारा रिकाम्या खिळ्यांकडे बघत बसून राहायचा. बायकोने बोलणंच सोडलं.

शेवटी ताई आली. डोळे सुजलेले होते.

"तो कागद मी फाडून टाकला," ती म्हणाली. "वेड्या माणसाची सही काय कामाची?"

कुलूपवाल्याचा जीव भांड्यात पडला.

"इतका आजारी होतास आणि मला कळलंसुद्धा नाही. आता तू घरी आराम कर. तुझी बायको एकटी काय काय बघणार? आमचे वकील म्हणाले, अशा माणसाचा कारभार कोर्टाला विचारून घरच्यांनी बघायचा असतो. मी अर्ज केलाय. उद्यापासून जावई बसेल दुकानात."

बायको दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. जन्मात पहिल्यांदा तो म्हणाला, "नको, ताई. दुकान माझं आहे. मी नाही देणार."

ताई बघतच राहिली.

"हेच तेव्हा म्हणाला असतास, तर तो कागद मी पिशवीतून काढलाही नसता. तू कधी नाही म्हणालाच नाहीस रे. मला वाटायचं, तुला पटतंय."

"मग आता म्हणतोय ना."

ताईने त्याला जवळ घेतलं, लहानपणी घ्यायची तसंच.

"हो रे बाळा," ती डोळे पुसत म्हणाली. "डॉक्टरांनी सर्टिफिकेटात लिहिलंच होतं, मधूनमधून असं काहीबाही बोलेल म्हणून."