चांदीच्या धावा

जानरावांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा चढवायचं जाहीर केलं, तेव्हा मनकर्णाबाई चुलीपुढे बसल्या होत्या. हातावरची भाकर त्यांनी तव्याऐवजी थेट विस्तवात टाकली.

"चाकाले चांदी? अवो, डोकं ठिकान्यावर हाय का तुमचं?"

"कापसाचा भाव पाह्यला का? रामरावच्या दारात का लोखंडावर जाऊ?"

सातासमुद्रापलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली होती आणि विलायतेच्या गिरण्या वऱ्हाडच्या कापसाकडे डोळे लावून बसल्या होत्या. तेव्हापासून जानरावांच्या घरात शहाणपण सोडून सगळं आलं होतं. मनकर्णाबाईंच्या जिवाला घोर होता तो फक्त लेकीचा, शकुनचा. मोर्शीच्या रामरावांचा सूर्यभान त्यांना जावई म्हणून मनापासून आवडला होता. चैताच्या पुनवेला दिवस मावळायच्या आत या, सोयरीक पक्की करू, असा रामरावांचा निरोप होता. उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी परतवाड्याचे पाहुणे आपली पोरगी घेऊन बसलेच होते.

शालिकराम लोहार श्रीमंत गिऱ्हाइकापुढे "हो मालक" याखेरीज काही बोलत नसे. लोखंडी धाव, म्हणजे चाकावर चढवायचं कडं, तो गोवऱ्यांच्या जाळात लाल करी, फुगली की चाकावर बसवी आणि वरून पाणी ओती. निवता निवता ती आवळून चाकाला घट्ट बसे. चांदीच्या कड्यांनाही त्यानं तोच न्याय लावला. बसली, झकास बसली. फक्त लोखंड निवल्यावर ताठ होतं, तशी चांदी काही झाली नाही. मनकर्णाबाईंनी खलबत्त्याच्या दांड्यानं हलकंच ठोकून पाहिलं, तर खड्डा पडला.

"हे मऊच रायली ना वो."

"तू हात नको लावू!" जानराव कडाडले.

पहाटे गाडी निघाली तेव्हा धावा अशा लखलखत होत्या की वाटेवरचे लोक थांबून पाहत होते. जानराव मिशीवर हात फिरवत होते. पण ऊन चढलं आणि चाकातून खुळखुळ सुरू झाली.

"घुंगरं बांधले का चाकाले?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

जानराव खाली उतरले. उन्हानं लाकूड आक्रसलं होतं, चांदी फुगली होती, आणि गाडीच्या ओझ्याखाली दगडांवरून पोळीसारखी लाटलीही गेली होती. त्यांनी मातीचा डेरा उचलून प्यायचं पाणी चाकांवर ओतलं. खुळखुळ थांबली.

"पाह्यलं? आवळली!"

आवळली ती पुढच्या वळणापर्यंत. मग व्याह्यांसाठी नेलेलं ताक ओतलं. मग जानरावांनी डोक्याचा जरीचा पटका सोडून एका चाकाला गुंडाळला. त्याच्या चिंध्या व्हायला फार वेळ लागला नाही.

"आता माहं लुगडं मांगू नका," मनकर्णाबाई म्हणाल्या. "ते चांदी अन तुमी सारखेच. तापले का फुगता, अन कामाच्या वक्ताले ढिले पडता."

जानराव काही बोलणार एवढ्यात उजवी धाव चाकावरून निसटली आणि उतारावरून धावत सुटली. मागे धोतर सावरत जानराव. धाव नाल्यात पडली, पाठोपाठ जानरावही. ती बाहेर काढून चाकाला लावून पाहिली, तर तान्ह्या पोरीच्या हातात आजीची बांगडी घालावी तशी लोंबू लागली. शेवटी डावीही काढली. दोन्ही वेडीवाकडी कडी गाडीत घेतली आणि उघड्या लाकडी चाकांवर गाडी खडखडत निघाली. बैल मात्र धापा टाकू लागले, आणि मनकर्णाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. सूर्य खाली चालला होता. एवढं चांगलं घर या माणसाच्या हौसेपायी हातचं जाणार होतं!

दिवस मावळता मावळता मोर्शी आली. रिवाजाप्रमाणे रामरावांनी शिवेवर सामोरं यायला हवं होतं, पण तिथे कुणीच नव्हतं.

"झालं," मनकर्णाबाई म्हणाल्या. "बुडवलं तुमी."

उघड्या डोक्याचे जानराव रामरावांच्या अंगणात शिरले आणि खिळून उभे राहिले. गुरांच्या पाण्याच्या हौदात एक गाडी आसापर्यंत बुडालेली होती. तिच्या चाकांवर चांदी होती. रामराव स्वतः चिंब होऊन घागरीनं चाकांवर पाणी ओतत होते आणि त्यांच्याही डोक्यावर पटका नव्हता.

"शिवेवर याचं होतं हो," रामराव ओशाळून म्हणाले. "पन हे गाडी ऊन लागलं का..."

"खुळखुळते," जानराव म्हणाले.

मग दोघांनी एकमेकांना अशी मिठी मारली की सोयरीक तिथेच पक्की झाली. रामरावांच्या बायकोनं, पार्वताबाईंनी, ओसरीवरून आपल्या नवऱ्याकडे पाहिलं, मग मनकर्णाबाईंकडे. दोघींना ओळख करून घ्यावी लागली नाही.

जेवणं झाल्यावर पुरुषांचं एकमत झालं, की चूक चांदीची नाही, ऋतूची आहे.

"थंडीत आवळून बसंन, बरोबर?" रामराव म्हणाले.

"बरोबर! लगन माघात धरू. वरातीच्या साऱ्या गाड्यांले चांदी चढवू!"

माजघरात दोघी हे ऐकत होत्या. पार्वताबाईंनी भटजींना मागच्या दारानं बोलावणं धाडलं.

"ईनबाई," त्या हळूच म्हणाल्या, "मुहूर्त कवाचा काढाले सांगू?"

मनकर्णाबाईंनी क्षणाचाही विचार केला नाही.

"वैशाखातला," त्या म्हणाल्या. "भर दुपारचा."