गवंडी बदलला

म्हसावदच्या मेहबूब मिस्त्रीच्या उजव्या अंगठ्यात विटेची कपची घुसली आणि प्रकरण ग्रामसभेपर्यंत गेलं.

अंगठा सुजला तेव्हा मिस्त्रीने घाबरायचं काही कारण नव्हतं. गावात औषधाची सोय चांगली होती. प्रत्येक घरी एक डबा असे. डॉक्टरने लिहून दिलेल्या गोळ्यांतल्या दोन-तीन खाल्ल्या, बरं वाटलं, की उरलेल्या त्या डब्यात जात. टाकणं हा माज समजला जाई. मिस्त्रीच्या घरचा डबा तर गल्लीत नावाजलेला. त्याची बायको अख्तरबानो गोळ्या रंगाप्रमाणे चिंध्यांत बांधून ठेवायची आणि दारी आलेल्या कोणालाही परत पाठवायची नाही. मागच्या थंडीत पाठीवर गळू झालं, डब्यातलं काहीच लागू पडलं नाही आणि ती गेली. डबा फळीवर तसाच राहिला. मिस्त्री त्याच्यावरची धूळ पुसायचा, उघडायचा नाही.

त्यामुळे अंगठ्याचं औषध शेजाऱ्यांनी पुरवलं. सरपंच धुडकू पाटील स्वतः आले.

"मन्हा खोकलान्या दोन ऱ्हाय गयात. भारी शेतस, लई ले."

खोकल्याच्या गोळीला अंगठ्याचा पत्ता कसा सापडणार, हे विचारणं सरपंचाला बरं दिसलं नसतं. मिस्त्रीने घेतल्या. उतार पडला. चार दिवसांनी अंगठा वांग्याएवढा झाला. थापी धरवेना, की पाण्याचा तांब्या धरवेना.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर दामिनी यांनी अंगठ्याला चीर दिली, पू नंदुरबारला तपासायला पाठवला आणि अहवाल आल्यावर मिस्त्रीला समोर बसवलं. अंगठा वाचेल की काढावा लागेल, एवढंच त्याला ऐकायचं होतं. डॉक्टरांनी मात्र आधी भिंतीपासून सुरुवात केली.

"मिस्त्री, जंतूला बाहेरून भिंत असते. ती सारखी बांधावी लागते. बांधणारे गवंडी म्हणजे त्याच्या अंगातली प्रथिनं. आपली गोळी दिसायला विटेसारखी. गवंडी वीट समजून उचलतो, ती हाताला चिकटते आणि काम ठप्प होतं. भिंत फुटते, जंतू मरतो."

"मग मन्हा काबर मरतस नई?"

"त्यांनी गवंडी बदललाय. नव्याच्या पंजाची घडण वेगळी आहे. खोटी वीट त्याच्या हातात नीट बसत नाही, खरी बसते. तुम्ही गोळ्या खात राहा, तो बांधत राहतो."

जुने गवंडीवाले जंतू अर्ध्याच गोळ्यांनी मेले, नव्या गवंड्याचे उरले आणि मोकळ्या जागेत त्यांचीच वस्ती वाढली, हेही त्यांनी सांगितलं. आता सलाईनमधून दुसरं औषध द्यावं लागेल. रोज यायचं, बरं वाटलं तरी यायचं. मधेच सोडलं तर अंगठा जाईल.

मिस्त्रीने जरा थांबून विचारलं, अख्तरबानोच्या पाठीतही हाच गवंडी होता का? डॉक्टर म्हणाल्या, तिचा पू तपासायला कोणी पाठवलाच नव्हता. 

बाहेर चहाच्या टपरीवर लोकांनी विचारलं, डॉक्टर काय म्हणाली? मिस्त्री खरं तेच बोलला. गवंडी बदलल्यामुळे औषध लागू पडत नाही.

आता योगायोग असा, की त्याच दवाखान्याच्या कुंपणाच्या भिंतीचं काम चालू होतं आणि गवंडी मिस्त्रीच होता. टपरीपासून ग्रामपंचायतीपर्यंत जाताना वाक्यातलं बदलणं गळालं, गवंड्यामुळे औषध लागू पडत नाही एवढंच उरलं. ग्रामसभेने गंभीरपणे ठराव केला: "दवाखान्यातील औषध लागू न पडण्यास गवंडी कारणीभूत असल्याचे आरोग्य विभागाचे मत असल्याने, सदर गवंडी चौकशी पूर्ण होईपर्यंत बदलण्यात यावा."

डॉक्टर धावत सभेत आल्या. हा तो गवंडी नव्हे, असं त्यांनी सांगितलं. मग तो कुठल्या गावचा, असं सदस्यांनी विचारलं. तो जंतूच्या अंगात असतो, असं त्या म्हणाल्या. इतिवृत्तात नोंद झाली: "गवंडी परगावचा असल्याचे डॉक्टरांनी मान्य केले. ठराव कायम."

भिंतीवर सरपंचांचा पुतण्या भाग्येश याची नेमणूक झाली. त्याने थापी कधी धरली नव्हती, पण त्याच्या पंजाची घडण वेगळी होती. भिंत कलली, लोकांनी तक्रारीचे अर्ज केले; ते ग्रामपंचायतीच्या खिडकीत आता भाग्येशच घ्यायचा. अर्ज पूर्वीसारखेच होते, खिडकीही तीच होती. फक्त एकही अर्ज भाग्येशच्या हातात बसत नव्हता. बिलं मात्र बरोबर बसत होती.

"जंतू असंच करतात," डॉक्टर मिस्त्रीला सलाईन लावताना म्हणाल्या.

मिस्त्रीला काम नव्हतं. सकाळी उठून जायला दवाखान्याखेरीज जागा नव्हती, म्हणून तो रोज गेला. सूज उतरली तरी गेला, कारण घरी बसून फळीकडे बघण्यापेक्षा ते बरं होतं. अशा रीतीने म्हसावदमध्ये औषधाचा कोर्स पहिल्यांदाच कोणीतरी पूर्ण केला. अंगठा वाचला. त्याचं श्रेय ग्रामपंचायतीने गवंडी बदलण्याच्या ठरावाला दिलं आणि चौकशी यशस्वीरीत्या बंद केली.

त्या दिवशी घरी येऊन मिस्त्रीने फळीवरचा डबा खाली काढला. बरा झालेल्या अंगठ्याने एकेक गाठ सोडली. अख्तरबानोच्या गाठी घट्ट असत. गोळ्या त्याने दवाखान्यात नेऊन दिल्या. चिंध्या घडी करून परत डब्यात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारची दगूबाई आली. नातीला ताप होता.

"मेहबूबभाऊ, दोन गोळ्या दे ना."

मिस्त्रीने सगळं समजावलं. भिंत, वीट, गवंडी. पोरीला डॉक्टरकडे ने, मी येतो संगे, असंही म्हणाला. दगूबाईने डबा हातात घेतला, आत पाहिलं आणि खाली ठेवला.

"अख्तरभाभी ऱ्हाती ते माले असं खाली हात धाडती नई."

हे खरंच होतं. 

दगूबाई तिथून पुढच्या घरी गेली. ते घर शिकलेल्या, वाचणाऱ्या माणसांचं होतं. त्यांनी गवंड्याची गोष्ट ऐकली होती, ते हसलेही होते. तिथे तिला गोळ्या लगेच मिळाल्या.

घर कोणाचं, ते इथे लिहीत नाही. आपल्या फ्रिजवरच्या डब्यातून दोन कमी झाल्या आहेत का, तेवढं बघून घ्यावं.